घरच्या बागेत कुठले फटाके घ्यायचे? फुलबाजी, चक्र, झाड की रॉकेट

मेहुण्याचा परवा फोन, दाजी यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या घरात दिवाळी, समोर बाग पण आहे, पोरांसाठी काय काय घेऊ सांगा. जुळे सोलापुरात घर, पुढं जेमतेम वीस बाय पंचवीस फुटांची जागा, त्यात एक नारळ, कंपाउंडला लागून कडुलिंब, थोडं लॉन आणि गेटपासून पायरीपर्यंत शहाबादी फरशी. पोरं दोन, एक चार वर्षांचं एक दहाचं. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण असल्या जागा आपल्याकडं बऱ्याच जणांच्या आहेत.

माझा हिशोब साधाय, पेटवल्यावर फटाका आपल्या कंपाउंडच्या आत राहतो का नाही एवढंच बघायचं. किंमत आणि आवाज नंतर.

रॉकेट इथंच बाद होतं. तीन वर्षांपूर्वी आमचं एक रॉकेट बाटली कलंडल्यामुळं तिरकं सुटलं आणि सरळ शेजारच्या गच्चीवर, तिथं उन्हाळ्यात लावलेली हिरवी शेडनेट तशीच होती, ती वितळून तिचे जळते थेंब खाली कुंड्यांवर पडायला लागले. विझलं लगेच, पण मला दोन दिवस त्यांच्या तोंडाकडं बघवेना. सोलापुरात निम्म्या गच्च्यांवर असली नेट असते, त्यामुळं दाट वस्तीत रॉकेट नकोच. बारा शॉट, तीस शॉटचे बॉक्स पण त्याच जातीचे, वर मोकळं आभाळ पाहिजे, इथं नारळाच्या वाळक्या झावळ्या. आणि बॉक्स मध्येच आडवा झाला तर उरलेले शॉट माणसांच्या पायात येतात. आकाशातलंच बघायचं असेल तर जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेला, होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतंय की, फुकट आणि आपल्यापेक्षा कितीतरी भारी.

राहिले जमिनीवरचे. भुईचक्र आणि झाड (अनार म्हणा) यात काय निवडायचं? चक्राला सपाट, टणक जागा लागते, शहाबादी फरशी त्याला एक नंबर. लॉनवर ते अडकतं, एकाच जागी फिरत गवत जाळतं. पण फरशीवर ते पळतं पण, कधी कुणाच्या चपलेखाली येईल नेम नाही, म्हणून चार वर्षांचं पोर पायरीवर, मोठ्या माणसाच्या कडेवर. झाड जागचं हलत नाही ही त्याची मोठी जमेची बाजू, दिसायला पण सगळ्यात सुंदर, पण कधीकधी ते फुटतं. मातीच्या कुंडीच्या खापऱ्या उडतात आणि आपण वाकून तोंड वर धरलेलं असतं, तिथंच डोळे जातात. त्यामुळं झाड पेटवायचं ते लांब उदबत्तीनं, बाजूला बसून, हात लांब करून, पेटलं की मागं न बघता पाचसहा पावलं. नाही पेटलं तर परत फुंकर मारायला जायचं नाही, ते वीस मिनिटं तसंच सोडायचं आणि मग लांबून पाणी ओतायचं. दहा वर्षाच्या पोराला हे नुसतं सांगून कळत नाही, हातातून उदबत्ती काढूनच घ्यायला लागते.

फुलबाजीला आपण पोरांचा खेळ समजतो, पण तिची तार हजार डिग्रीच्या आसपास तापते आणि विझल्यावर लाल पण दिसत नाही. एका वेळी एकाच्या हातात एकच, हात लांब, आणि संपली की थेट पाण्याच्या बादलीत. बादली नसेल तर फुलबाजी काढूच नका, खरंच. सकाळी अंगण झाडताना अनवाणी पायात तारा घुसतात तो वेगळाच ताप.

धुराचं पण बघा. २०१६ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं फटाक्यांचा धूर मोजला होता, त्यात सगळ्यात वाईट निघाली ती बिचारी दिसणारी नागगोळी, पीएम २.५ चा, म्हणजे छातीत खोल जाणाऱ्या बारीक कणांचा, आकडा घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमवर, आणि सगळ्यात कमी झाडाचा, ४,८६०. फुलबाजी, चक्र मधे. आम्ही नागगोळी त्या वर्षापासून बंदच केली, तसं पण फरशीवर तिचे काळे डाग निघत नाहीत.

बॉक्सवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचा हिरवा लोगो आणि क्यूआर कोड बघून घ्या. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर हे ग्रीन फटाके आले. पण ग्रीन म्हणजे धूर थोडा कमी, भाजायला तेवढाच भाजतो हां. माळा त्याच निकालात बंद झाल्यात आणि रात्री १० नंतर आवाजाचे फटाके चालत नाहीत, तेव्हा सुतळी बॉम्बवर पैसे घालवायची गरजच नाही.

मेहुण्याची यादी शेवटी अशी झाली: झाडं दोन बॉक्स, चक्र एक, फुलबाज्या थोड्या. आदल्या दिवशी कडुलिंबाचा पाला झाडून काढायचा, लॉनवर पाणी मारायचं, दोन बादल्या भरून आणि घरातली जुनी सुती सोलापुरी चादर भिजवून पायरीवर. पोरांना चमकणारे नायलॉनचे कपडे नकोत, ते वितळून अंगाला चिकटतात. भाजलंच तर वीस मिनिटं नळाखाली हात, हळद टूथपेस्ट काही लावायचं नाही, डोळ्यात गेलं तर न चोळता सरळ डॉक्टरकडं.

एवढं सगळं ऐकून मेहुणा म्हणाला, दाजी, एखादं तरी रॉकेट? म्हटलं आधी शेजारची गच्ची बघून ये, नेट आहे का.