जिमनी, थार रॉक्स की बोलेरो? आधी वाफसा पाहा

शोरूममध्ये जाण्याआधी एक मोजमाप करा. तुमच्या दारापासून डांबरी सडक किती लांब आहे, आणि मधला तुकडा मुरमाचा आहे की काळ्या मातीचा? आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा पट्ट्यात माझं घर सडकेपासून दीड किलोमीटर आत आहे, त्यातला अर्धा किलोमीटर पांदण, म्हणजे वावरांमधली कच्ची वाट. पावसाळा सोडला तर आठ महिने त्या पांदणीतून स्कूटीही जाते. जून ते सप्टेंबर मात्र तोच अर्धा किलोमीटर सांगतो की तुम्हाला कोणती गाडी हवी.

हे सांगायचं कारण, मागे मी एक 'एसयूव्ही' घेतली होती. उंच, देखणी, छतावर रेलिंग, पण ओढ पुढच्या दोनच चाकांना. भादव्यात एकदा वावराच्या धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, पुढची चाकं जागीच गरगरली आणि गाडी पोटावर बसली. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली, आणि नंतर महिनाभर पारावर माझ्या छताच्या रेलिंगची चौकशी होत राहिली. तेव्हा रोज तालुक्याला ये-जा आणि हिवाळ्यात चार-सहा वेळा तंबू घेऊन धरणाच्या बॅकवॉटरला किंवा चिखलदऱ्याकडे, असा वापर असेल तर माझ्या मते तीनच गाड्या समोरासमोर ठेवाव्या: मारुती जिमनी, महिंद्रा थार रॉक्स आणि आपली जुनी बोलेरो.

पैशाचा भाग आधी उरकू. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत येते, म्हणून बोलेरो स्वस्त झाली. पेट्रोलला मर्यादा १२०० सीसीची आहे. जिमनी लांबीला ३९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत, पण इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून तिला ४० टक्के. रॉक्सही ४० मध्येच. बोलेरो आठ लाखांच्या आसपास सुरू होते, जिमनी बारा-तेराच्या पुढे. रॉक्सच्या फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेल्या मॉडेलची, किंमत २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा १८.७९ लाखांपासून होती. शिवाय डिझेल गाडीला आपल्या राज्यात रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा जास्त लागतो. रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेललाच मिळतं. पेट्रोल रॉक्स दिसायला तशीच, पण ओढ मागच्या चाकांना. लग्नाच्या वरातीत फरक कळत नाही, पांदणीत कळतो.

आता चिखल. ऑफ-रोडिंगच्या जाहिरातीत दगड, वाळू, बर्फ असतं. आपल्याकडे यातलं काही नाही, आपल्याकडे काळी कसदार माती आहे. ती पाणी प्यायली की फुगते, टायरच्या खाचांत भरते, आणि दोन-चार फेऱ्यांत टायर चकचकीत लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. मग चाक दोन फिरोत की चार, पकडच उरत नाही. महागडे ऑल-टेरेन टायरही या मातीत लवकर भरतात. त्यांचा खरा उपयोग मुरूम, गोटे आणि जंगलाच्या कच्च्या वाटेवर.

जिमनीचे टायर १९५ रुंदीचे, बोलेरोचे २१५, रॉक्सचे २५५. बैलबंडी हाकलेल्या माणसाला यातलं इंगित लगेच कळेल. अरुंद चाक वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थराला टेकतं. खाली मुरूम असेल तर जिमनी त्यामुळे पुढे सरकत राहते. रुंद टायर वर तरंगतो, ते वाळूत बरं, आपल्या पांदणीत तितकंसं नाही. त्यात जिमनीचं वजन जेमतेम बारा क्विंटल आणि रॉक्स तिच्यापेक्षा पाच-सहा क्विंटल तरी जड. जड गाडी अडकली की गडी जास्त लागतात. रॉक्सच्या बाजूनं सांगायचं तर तिच्या फोर बाय फोरमध्ये मागचं डिफरन्शिअल (दोन चाकांत जोर वाटणारा भाग) लॉक होतं, म्हणजे एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला पूर्ण जोर मिळतो. जिमनी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून तेच काम थोडं उशिरा आणि थोडं कमी ताकदीनं करते. लो गिअर दोघींना आहे. चढावर, नाल्याच्या काठावर, सावकाश उतरायला तोच खरा कामाचा, वेगाचा तिथे काही संबंध नाही.

आणि काळी माती तीन-चार हात खोल असेल, तळच नसेल, तर दोघीही सारख्याच रुततात. तिथे वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती बेताची सुकेपर्यंत, गाडी सडकेवर ठेवून पायी जाणं हाच उपाय. पेरणीला आपण वाफशाची वाट पाहतोच, गाडीनं काय घोडं मारलंय?

बोलेरोला फोर बाय फोर नाही. ओढ मागच्या चाकांना, जमिनीपासून उंची १८० मिलिमीटर, जिमनीची २१०. पण एक सांगतो, डिक्कीत दोन पोती माल टाकला की मागच्या चाकांवर वजन येतं आणि मुरमाच्या वाटेवर बोलेरो मुकाट चालते. पावसाळा सोडला तर आठ महिने ती कुठेच कमी पडत नाही. बिघडली तर खेड्यातला मिस्त्रीही तिला हात लावतो. बोलेरो निओच्या एन-टेन ऑप्शनल मॉडेलमध्ये मागचं डिफरन्शिअल आपोआप लॉक होण्याची सोय आली होती. जुनी निओ घेणार असाल तर नेमकं तेच मॉडेल शोधा.

रपट्याचं, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाचं, वेगळं सांगतो. रॉक्सला कंपनी ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता सांगते. ते साचलेल्या पाण्याचं. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी कोणतीही असो, थांबा. तिथे जिमनीचं हलकेपण उलट अंगावर येतं.

रोजच्या वापरात मात्र चित्र उलटं होतं. समृद्धी महामार्गावर १२० ची परवानगी आहे, पण जिमनीचा पाच गिअरचा मॅन्युअल शंभरीलाच घरघरायला लागतो आणि आडवा वारा जाणवतो. ऑटोमॅटिक घेतली तर चारच गिअर. नागपूरला महिन्यातून चार फेऱ्या असतील तर रॉक्ससमोर जिमनी थकवते. रॉक्सला भारत एनकॅपचे, म्हणजे धडक-चाचणीतल्या सुरक्षेचे, पाच तारे आहेत, बोलेरोत एअरबॅग दोनच. घरातली लहान मुलं मागे बसणार असतील तर हा फरक मी किमतीपेक्षा वर ठेवीन. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत मागच्या सीटवर एसीचा झोत रॉक्समध्येच येतो, जिमनी आणि बोलेरोत मागे झोत नाही. पण रॉक्सची ती पांढरी सीट! काळ्या मातीच्या मुलखात पांढरी सीट ही कल्पना कोणाच्या डोक्यातून आली कोण जाणे. फोर बाय फोरमध्ये तपकिरी मिळते, तीच मागा.

डिझेलवाल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. नव्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते आणि ती स्वतःला साफ करायला गाडी सलग मोकळ्या रस्त्यावर तापावी लागते. रोज घर ते शाळा पाच किलोमीटर आणि परत, एवढंच असेल तर जाळी तुंबते. अशा माणसानं पेट्रोल घ्यावं. रोज पन्नास-साठ किलोमीटर असेल तर डिझेल.

मुक्कामी सहलीचं सामान म्हणाल तर जिमनी चार माणसांची आहे आणि चार बसले की मागे २०८ लिटर जागा, म्हणजे एक तंबू, एक शेगडी आणि भांडण. दोघंच जात असाल तर मात्र मजा. पुढच्या सीटचे हेडरेस्ट काढून पाठ मागे पाडली की मागच्या सीटला जोडून झोपायची जागा होते. मोर्शीजवळ अप्पर वर्धाच्या काठी डिसेंबरातल्या पहाटेच्या थंडीत तंबूपेक्षा तीच बरी. रॉक्समध्ये चार जणांचं सगळं सामान बसतं. बोलेरोत मागची आडवी बाकडी उचलली की चुलीची लाकडंही बसतात. मेळघाटात मात्र वाघाच्या राखीव क्षेत्रात हवं तिथे तंबू ठोकता येत नाही. वन विभागाची विश्रामगृहं आणि ठरलेल्या जागा आहेत, तिथेच परवानगी घेऊन उतरा.

फोर बाय फोर घेतलीच तर कोरड्या डांबरावर ती चालू करू नका. पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि आतले भाग झिजतात. गाडीत फावडं, ओढायचा पट्टा, हवा भरायचा छोटा पंप आणि दोन रिकामी बारदानं ठेवा. चाकाखाली तुराट्यांची पेंढीही चालते, आणि ती धुऱ्यावर फुकट मिळते.

मला विचाराल तर घरात चौघं, सडकेपर्यंत काळी पांदण, आणि मोठा प्रवास क्वचित: जिमनी मॅन्युअल. रोज साठ किलोमीटर, मुलं, आई-वडील आणि खिसा खोल: रॉक्स डिझेल फोर बाय फोर. गावापर्यंत मुरमाची पक्की वाट असेल तर चार-पाच लाख तरी वाचवून बोलेरो घ्या आणि त्या पैशात विहिरीचं काम करा, मी तरी तेच करीन.

ट्रायलला जाताना आईला सोबत न्या. शोरूमवाला हायवेवर फिरवून आणतो, तुम्ही मात्र गाडी थांबवून तिला लुगड्यात तीन वेळा चढायला-उतरायला लावा. माझी आई रॉक्समध्ये दुसऱ्यांदा चढताना म्हणाली, "बंडी बरी व्हती."