परकीय भाषाशिक्षकांचा मेळावा, कोथरूड: दुपारपर्यंतचा भाग अजिबात चुकवू नका

शाळेत परकीय भाषा शिकवणारं माणूस फार एकटं असतं. आमच्या स्टाफरूममध्ये गणिताच्या चौघीजणी आहेत, जर्मनची मी एकटी. आठवीच्या मुलांचं गाडं आक्कुझाटिव्हपाशी, म्हणजे जर्मनमधल्या द्वितीया विभक्तीपाशी, अडलं तर विचारायचं कोणाला? मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणं होतात, पण तिथे सगळे जर्मनवालेच. जपानी, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन असे सगळे शिक्षक एका हॉलमध्ये बसलेत हे मी या रविवारी कोथरूडला प्रथमच पाहिलं. फी सहाशे रुपये, त्यात चहा, पोहे आणि जेवण.

सर्वांत सुंदर झाला तो जपानीचा नमुना तास. समोर आम्ही सगळे जपानीचा गंधही नसलेले. बाईंनी आत आल्यापासून जपानीखेरीज एक अक्षर उच्चारलं नाही. पिशवीतून पेन्सिल काढली, "कोरे वा एम्पित्सु देस." मग छत्री काढली, "कोरे वा कासा देस." दोन्ही वाक्यं आमच्याकडून म्हणून घेतली आणि पेन्सिल उचलून माझ्याकडे बघत विचारलं, "कोरे वा नान् देस का?" मला उत्तर येत होतं, पण तोंडातून फुटेना. बाई पेन्सिल तशीच धरून थांबल्या. मान हलवली नाही, पहिलं अक्षर सुचवलं नाही, शेजारच्याकडे वळल्या नाहीत. मग माझं मला आठवलं.

नंतरच्या चर्चेत त्यांनी मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम सांगितलं. १९७० च्या दशकात तिने विज्ञानाचे तास रेकॉर्ड करून तपासले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. तेच तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. बी.एड.ला हे वाचलेलं असतं. पण विद्यार्थ्याच्या बाकावर बसून ते तीन सेकंद अंगावर घेतल्याशिवाय त्यांचं मोल कळत नाही. सोमवारी सातवीच्या तासाला मी प्रश्न विचारून मनात तीनपर्यंत मोजायला सुरुवात केली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. आवाज बारीक होता, पण वाक्य अख्खं होतं.

दुसरं सत्र फ्रेंचच्या सरांचं. युरोपच्या परिषदेने २००१ साली भाषा किती येते हे ठरवणारी, ए१ (अगदी नवशिके) ते सी२ (पूर्ण प्रभुत्व) या पायऱ्यांची चौकट आणली, ती आपण सगळेच वापरतो. २०२० च्या तिच्या पुरवणी खंडात मध्यस्थीवर, म्हणजे एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवण्यावर, बराच भर आहे. सरांनी त्यासाठी सोसायटीची नोटीस आणली होती: गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल. ही मराठी नोटीस वाचून घरी उतरलेल्या फ्रेंच पाहुण्याला काय काय सांगाल? शब्दशः भाषांतर करायचं नाही. त्याने बादली भरून ठेवावी एवढं त्याला कळलं पाहिजे. पुण्यातल्या मुलांना याहून जवळचा मजकूर कुठला मिळणार! ही नोटीस मी आता जर्मनसाठी वापरणार आहे.

जेवणानंतर मात्र निराशा झाली. एका प्रकाशकाच्या प्रतिनिधीने तासभर आपल्या ॲपची माहिती दिली. आम्ही फी भरून, रविवार मोडून आलो होतो. विक्रीचं भाषण कार्यशाळेच्या वेळेत बसवणं मला पटलं नाही. सकाळी दीपप्रज्वलन आणि सत्कारही लांबले, त्यामुळे स्पॅनिशचा नमुना तास निम्म्यावर गुंडाळावा लागला. त्या ताई इतकी तयारी करून आल्या होत्या, फार वाईट वाटलं. शिवाय सगळं ए१, ए२ च्या मुलांपुरतं होतं. बी१ च्या पुढचे वर्ग घेणाऱ्यांना नेण्यासारखं थोडंच मिळेल.

पोहे छान होते, हॉलला पंखे पुरेसे होते. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने या.

शाळेत आपल्या भाषेचे एकटेच असाल तर नक्की जा आणि आपली नसलेल्या भाषेच्या तासाला पुढच्या रांगेत बसा. आयोजकांना अभिप्रायाच्या कागदावर मी लिहून दिलंय: पुढच्या वेळी सत्कार नको, स्पॅनिशच्या ताईंना पूर्ण तास द्या.