पोमोदोरो, टाइम-ब्लॉकिंग, जीटीडी की कानबान?

कामाची पद्धत निवडताना लोक आपला स्वभाव तपासतात: मी शिस्तीचा की लहरी? माझ्या मते आधी एवढंच बघावं की दिवसभरात तुम्हाला कामावरून उठवतं कोण.

घरी बसून भाषांतर किंवा कोडिंग करणाऱ्याला बहुतेक वेळा त्याचा स्वतःचाच मोबाइल उठवतो. त्याच्यासाठी पोमोदोरो. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातल्या टायमरवर ती सुरू केली. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं विश्रांती. चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. कामाला हात घालायचा कंटाळा मोडायला याहून सोपं काही नाही. पण काम रंगात आलं की घंटा नकोशी होते. तेव्हा खुशाल ५०-१० करा. मूळ नियम कडक आहे: फेरी मध्येच मोडली तर ती धरायची नाही. शुक्रवारी गोव्यात म्हापशाच्या आठवडी बाजारात दुकानावर बसणाऱ्याने हे पाळून दाखवावं!

टाइम-ब्लॉकिंगमध्ये दिवसाचे तास आधीच कामांना वाटून द्यायचे. दिवाडी बेटावरून फेरीबोटीने पणजीत ऑफिसला येणाऱ्याचा दिवस तसाही वेळांनी बांधलेला असतो, त्याला हे जमतं. मात्र रोज एक तास मोकळा सोडा. पावसाळ्यात वीज गेली की तो लागतोच.

कळंगुटला होमस्टे चालवणाऱ्यांची गोष्ट निराळी. पाहुण्याला गरम पाणी नाही, चादरी धुऊन आल्या नाहीत, परवान्याचं नूतनीकरण राहिलंय, आणि सगळं एकाच सकाळी. इथे घड्याळ हरतं. डेव्हिड ॲलन यांची जीटीडी (‘गेटिंग थिंग्ज डन’) अशांसाठी बरी: डोक्यातलं सगळं कागदावर उतरवा, दोन मिनिटांत होणारं तिथल्या तिथे उरका, उरलेल्याच्या याद्या जागेप्रमाणे करा. ‘म्हापसा’ या यादीत बँक, नळाचे वॉशर, नवे बल्ब. म्हणजे एका खेपेत काम होतं. तिची दुखरी नस म्हणजे आठवड्याचा आढावा. तो टळला की याद्यांचा नुसता ढीग होतो, आणि डिसेंबरच्या गर्दीत तो हमखास टळतो. म्हणून ही सवय सीझनआधी, पावसाळ्यातच लावून घ्यावी.

एकाच वेळी बऱ्याच ऑर्डरी टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणाऱ्यांनी कानबान बघावं. करायचं, चालू, झालं असे तीन रकाने, आणि ‘चालू’मध्ये ठरावीकच कामं. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली ही पद्धत गणपतीच्या चित्रशाळेत न सांगता पाळली जाते: ओल्या मूर्ती वाळवायला जागा उरली नाही की नवी मूर्ती घडवायला घेत नाहीत.

सकाळी काउंटर आणि दुपारी फायली असं ज्यांचं काम, त्यांनी सकाळी फक्त यादी ठेवावी आणि टायमर जेवणानंतर लावावा. ॲपवर पैसे घालवू नका. फोनमधलं कॅलेंडर आणि एक वही पुरते.