कानोया संग्रहालय : जगातील शेवटची ‘एमिली’

जपानच्या दक्षिण टोकाकडील कानोया शहराला रेल्वे नाही; १९८७ मध्ये ओसुमी मार्ग बंद झाल्यापासून तेथे बसने, मोटारीने किंवा जवळच्या तारुमिझू गावापर्यंत फेरीबोटीने जावे लागते. एवढा खटाटोप करून तेथील नाविक हवाईतळाचे विनामूल्य संग्रहालय पाहावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ठाम होकाराचे आहे, आणि त्याचे कारण इमारतीच्या बाहेर उभे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानच्या कावानिशी कंपनीने १६७ ‘एच८के’ उडत्या बोटी, म्हणजे पाण्यावरून उडणारी व पाण्यावर उतरणारी विमाने, बांधल्या. दोस्त राष्ट्रांनी ‘एमिली’ हे नाव दिलेल्या त्या विमानांपैकी आज ही एकच शिल्लक आहे. पंखांचा विस्तार ३८ मीटर, इंजिने चार आणि पल्ला सुमारे सात हजार किलोमीटर, हे आकडे वाचलेले असूनही तिच्या खाली उभे राहिल्यावर मान वर करून पाहतच राहावे लागते. नाकाखाली वाकून पोटाच्या दोन्ही कडांना लावलेल्या लांब पट्ट्या अवश्य पाहाव्यात. पाण्यावरून धावताना उडणारे तुषार पंख्यांवर आदळू नयेत म्हणून अभियंता शिझुओ किकुहारा यांनी केलेली ही योजना असून सुकवलेल्या बोनिटो माशाशी साम्य असल्याने तिला ‘कात्सुओबुशी’ म्हणत. भारताने ज्या यूएस-२ या पाण्यावर उतरू शकणाऱ्या जपानी विमानाच्या खरेदीसाठी बोलणी केली, त्याची परंपराही किकुहारांच्याच कामातून आलेली आहे.

मार्च १९४२ मध्ये अशाच दोन बोटींनी वाटेत पाणबुडीकडून इंधन घेऊन हवाईतील ओआहू बेटावर बॉम्ब टाकले होते; ढगांमुळे लक्ष्य मात्र हुकले. येथील ४२६ क्रमांकाची बोट युद्धानंतर चाचण्यांसाठी अमेरिकेत गेली, १९७९ मध्ये मायदेशी परतली, टोकियोत राहिली आणि २००४ मध्ये येथे आली.

आतील दालनांत समुद्रातून काढून जुळवलेले झीरो हे जपानी लढाऊ विमान आहे, आणि याच तळावरून आत्मघाती मोहिमांवर गेलेल्या तरुणांची अखेरची पत्रे आहेत. पत्रांसाठी वेगळा वेळ राखावा. ती घाईने वाचवत नाहीत.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. जगात दुसरी प्रत नसलेले हे विमान उघड्यावर, दमट हवेत आणि ऊनपावसात ठेवलेले आहे. त्याला छप्पर मिळायलाच हवे. जाणाऱ्यांनी निदान अर्धा दिवस काढावा आणि बाहेरच्या बोटीपासूनच सुरुवात करावी.