सुरक्षिततेच्या नावाखाली गेलेले १,१४,३०० रुपये

माझे वय ६१ आहे. गेली ३० वर्षे मी नियमित पोहतो, आणि निवृत्तीनंतर काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने फळीवरून पाण्यावर सरकण्याचा खेळ, शिकायचे ठरवले तेव्हा मी कसलीही घाई केली नव्हती, हे आधीच सांगतो, कारण हे वाचून ‘या वयात कशाला’ म्हणणारे पुष्कळ निघतील. हृदयाची तपासणी करून घेतली, गुडघ्यांसाठी चार महिने व्यायाम केला आणि गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर दुपारचा वारा चांगला मिळतो म्हणून फेब्रुवारी महिना निवडला.

शिकवणीची जाहिरात, मग व्हॉट्सॲपवरचे अगत्य, मग ‘आजच पैसे भरल्यास सवलत’ हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. नऊ तासांच्या स्वतंत्र शिकवणीचे ३८,५०० रुपये घेतले. हेल्मेट, जाकीट, बचावाची बोट आणि विमा असलेल्या ‘ज्येष्ठांसाठी सुरक्षा पॅकेज’चे ११,८०० वेगळे घेतले. दोन्ही रकमा संस्थेच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यावर गेल्या. विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक मी दोनदा मागितला, तो कधीच आला नाही. क्रमांक नसेल तर विमा नाही, एवढे धरून चाला.

पहिल्या दिवशी वाळूवर प्रशिक्षकाने माझ्या हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) बार, म्हणजे काइट हाताळायचा दांडा, अडकवला. त्यावर लाल रंगाची क्विक रिलीजची नळी असते; ती शरीरापासून पुढे ढकलली की काइटची ओढ सुटते. वीस-बावीस मीटर लांबीच्या दोऱ्यांवर वाऱ्याचा झोत आला आणि माणूस फरफटू लागला, तर सुटकेचा उपाय तोच. मी ती नळी दोन्ही हातांनी ढकलून पाहिली. मिठाने आणि वाळूने ती घट्ट बसली होती, तसूभरही हलली नाही. “अंकल, ते नंतर शिकवतो, आधी काइट तर उडवून बघा,” असे म्हणून त्याने मला पाण्याकडे नेले.

मला तिथेच थांबायला हवे होते. हा सराव पहिल्याच धड्यात करून घेतात, हे मी वाचलेले होते. पण शेजारी पंचविशीतली दोन मुले उभी होती आणि माझी शंका त्यांना म्हातारपणाची भीती वाटेल, या संकोचाने मी गप्प बसलो. आमच्या वयाच्या माणसांचा हा संकोच या लोकांना नेमका ठाऊक असतो. सुरक्षा पॅकेजमधली बचावाची बोट त्या दिवशी दिसलीच नाही, आणि तरीही त्याच संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी मी वापरलेल्या ९ चौरस मीटरच्या काइटसाठी आणखी ६४,००० रुपये पाठवले. माझ्या ८१ किलो वजनाला तिथल्या मध्यम वाऱ्यात बहुतेक वेळा १२ चौरस मीटरची काइट लागते, हे नंतर एका जाणकाराने सांगितले. नीट न पारखलेल्या साहित्याचे पैसे कोणालाही देऊ नका.

दुसऱ्या दिवशी फोन बंद. हातात पडले ते दोन तास दहा मिनिटांचे शिक्षण. आयकेओ या आंतरराष्ट्रीय संघटनेचे म्हणून पाठवलेले प्रमाणपत्र मी तेव्हा कुठे तिच्या संकेतस्थळावर पडताळले. तो क्रमांकच अस्तित्वात नव्हता. ही पडताळणी दोन मिनिटांत होते, ती पैसे देण्यापूर्वी करा.

यानंतर जे घडले त्याचा संताप अजून शमलेला नाही. गोव्यातल्या ठाण्यात सांगितले की पैसे पुण्यातून गेले, तक्रार तिकडे द्या. पुण्यात सांगितले की प्रकार गोव्यात घडला. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घेणे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार बंधनकारक आहे, हे मी छापील कागदावरून वाचून दाखवले, तर अंमलदारांनी कागद उलटा ठेवून ‘काका, हे दिवाणी आहे’ म्हटले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ‘काही सेवा तर मिळाली ना’ असे विचारले गेले. बँकेने पिन मीच टाकल्याचे कळवून प्रकरण बंद केले. पर्यटनाच्या कार्यालयात दीड तास बसवून ठेवले आणि मग हा विषय आपल्याकडे येत नसल्याचे सांगितले. निकामी क्विक रिलीज लावून माणसाला समुद्रात उतरवले, यात कोणाचा तरी जीव जाऊ शकतो, हे वाक्य मी या सर्व ठिकाणी उच्चारले आणि एकानेही ते लिहून घेतले नाही.

अखेर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. २०१९ च्या कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सर्व संदेश, पावत्या आणि त्या नळीचे छायाचित्र मी जोडले आहे. गेल्या आठवड्यात तीच जाहिरात नव्या नावाने पुन्हा दिसली. मजकूर तोच आहे, ज्येष्ठांच्या पॅकेजची किंमत मात्र आता १२,५०० रुपये केली आहे.