नवं डिजिटल मशीन: पहिल्या ९० दिवसांत खरं काय बिघडतं आणि काय नुसतं बिघडल्यासारखं दिसतं

हे परीक्षण सुट्या शीटवर कोरड्या टोनरने (रंगाच्या भुकटीने) छापणाऱ्या प्रॉडक्शन मशीनचं, म्हणजे छापखान्यात दिवसभर चालणाऱ्या मोठ्या मशीनचं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. खालच्या तक्रारी या वर्गातल्या जवळपास प्रत्येक मशीनवर थोड्याफार फरकाने येतातच. आधी निकाल सांगून टाकतो: छपाई उत्तम, बारीक अक्षर स्वच्छ, ५० प्रतींचं पाठपोट काम अर्ध्या तासात कटिंगला. इन्स्टॉलेशनची सेवा मात्र अपुरी. इंजिनिअर दोन-तीन दिवस येतात, सोबत आणलेल्या गुळगुळीत कागदावर नमुना फाईल काढून दाखवतात, सही घेतात आणि जातात. तुमच्या कागदावर मशीन कसं वागतं हे त्यानंतर कळतं.

म्हणून सही करण्याआधी स्वतःचा कागद लावा. ३०० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम) आर्ट कार्डवर ५०० शीट पाठपोट, गडद सॉलिड (पूर्ण भरीव रंगाचा भाग) असलेली फाईल, सलग. मग १ली, २५०वी आणि ५००वी शीट शेजारी ठेवून बघा. सगळ्यात पातळ आणि सगळ्यात खरबरीत कागदाच्याही शंभर-शंभर शीट काढा. वेग मोजायचाच असेल तर इथे मोजा. जाहिरातीतला ‘मिनिटाला १०० पानं’ हा आकडा ए४चा असतो, १३×१९ इंचाला तो साधारण निम्मा होतो. शिवाय मशीन मध्येच थांबून रंग जुळवतं, तो वेळ ब्रोशरमध्ये कुठेच धरलेला नसतो.

पहिल्या महिन्यातल्या निम्म्याअधिक तक्रारी मशीनच्या नसतात, हवेच्या आणि कागदाच्या असतात. खोलीत २० ते २४ अंश तापमान आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हवी. ती भिंतीवर मोजून उपयोग नाही, आर्द्रतामापक फीडरच्या (मशीनमध्ये कागद ओढून घेणाऱ्या भागाच्या) शेजारी ठेवा. हवा कोरडी झाली की शीट स्थिर विजेने एकमेकींना चिकटतात आणि डबल फीड येतो, म्हणजे दोन शीट एकदम शिरतात. दमट झाली की कागद विद्युतभार धरून ठेवत नाही, त्यामुळे टोनर ट्रान्सफर बेल्टवरून (चारही रंग आधी या पट्ट्यावर जमतात) कागदावर नीट उतरत नाही आणि सॉलिड ठिपकेदार दिसतं. रात्री एसी बंद करून सकाळी मशीन चालू केलं की पहिल्या काही शीट फिक्या येतात. ही तक्रार हमखास ‘ड्रम (ज्यावर चित्र आधी उमटतं तो गोल भाग) खराब’ म्हणून नोंदवली जाते.

कागद गोदामातून आणून किमान २४ तास, जाड कार्ड असेल तर ४८ तास, वेष्टण न फोडता मशीनच्या खोलीत ठेवायचा. वेष्टण आधीच फोडलं तर गठ्ठ्याच्या कडा आधी ओल धरतात, मधला भाग कोरडाच राहतो आणि कडा लहरतात. अशी शीट फीडर घेतो, पण ती रजिस्ट्रेशन रोलरपाशी (छपाईआधी शीट सरळ करणाऱ्या रोलरपाशी) वाकडी होते. दुसरी चूक कटिंगची. गिलोटिनची पाती बोथट असेल तर आर्ट कार्डच्या कडा दाबून एकमेकींना चिकटतात आणि कोटिंगची भुकटी सेन्सरवर बसते. गठ्ठा ट्रेमध्ये ठेवण्याआधी चारही बाजूंनी मोकळा करून हवा भरून घ्या, आणि ट्रेच्या खुणेच्या वर भरू नका. शीट सुट्या करणाऱ्या ब्लोअरचा झोत कागदागणिक बदलावा लागतो. पातळ कागदाला जाड कार्डाचा झोत दिला तर वरच्या शीट तरंगतात आणि वाकड्या शिरतात.

पाठपोट जुळत नाही, ही सगळ्यात जास्त वेळा येणारी आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीने दुरुस्त केली जाणारी तक्रार. शीट पहिल्यांदा फ्यूजरमधून (टोनर उष्णतेने कागदावर पक्का करणाऱ्या भागातून) गेली की तिच्यातलं पाणी उडतं आणि ती आक्रसते, ग्रेनच्या (कागदाच्या तंतूंच्या) आडव्या दिशेने जास्त. आता या लहान झालेल्या शीटवर मागची बाजू छापली जाते, म्हणून मागचं चित्र पुढच्यापेक्षा मोठं दिसतं. ४५० मिमी लांबीवर ०.१५ टक्के आक्रसणं म्हणजे जवळपास ०.७ मिमी, आणि व्हिजिटिंग कार्डाच्या बारीक बॉर्डरला तेवढं पुरेसं होतं. नुसतं चित्र सरकवून हे जुळत नाही: एक कोपरा जुळवला की समोरचा सुटतो.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. ज्या कागदावर काम आहे त्याच कागदावर, त्याच ट्रेमधून, कोपऱ्यांत खुणा असलेला चार्ट २० शीट पाठपोट काढा. पहिल्या पाच टाकून द्या, कारण फ्यूजर अजून स्थिरावतोय. उरलेल्यांपैकी दहांच्या चारही कोपऱ्यांतला फरक उजेडासमोर धरून, भिंगाने मोजून लिहा आणि सरासरी काढा. मग आधी तिरकेपणा आणि काटकोन, नंतर मागच्या बाजूचं प्रमाण (वरच्या उदाहरणात ९९.८५ टक्के), आणि सरकवणं सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने केलं तर प्रमाण बदलताच सरकवलेलं पुन्हा बिघडतं. पुन्हा २० शीट काढा. ही मूल्यं त्या कागदाच्या नावाने सेव्ह करायची, ट्रेच्या नावाने नाही. ‘ट्रे ३’ म्हणून सेव्ह केलं की पुढच्या आठवड्यात ट्रे ३मध्ये दुसरा कागद येतो आणि तक्रार परत येते.

दहा शीटमधला फरक प्रत्येकीत वेगळा येत असेल तर सेटिंगला हात लावू नका. बहुतेक मशीनमध्ये शीट उलटताना तिची मागची कड पुढे येते. म्हणजे शीटच्या लांबीत ०.५ मिमी कमी-जास्त असेल तर तो फरक जसाच्या तसा पाठपोट जुळणीत उतरतो. तपासणी सोपी आहे: गठ्ठ्यातल्या दहा शीट घ्या, एकाआड एक शीट अर्धा वळसा (१८० अंश) फिरवून खालची कड टेबलावर ठोकून सरळ करा आणि वरची कड बोटाने चाचपा. पायऱ्या लागल्या तर दोष कापणाऱ्याचा. सगळ्या बाजू एकदा कापून काटकोनात आणल्या की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

डाग आणि पट्टे मात्र बऱ्याचदा खरोखर मशीनचे असतात, आणि ते कुठून आलेत हे शोधायला मोजपट्टी पुरते. ठरावीक अंतराने येणारा डाग कुठल्यातरी गोल भागावरून येतो. ते अंतर मिमीमध्ये मोजा, ३.१४ने भागा, की त्या भागाचा व्यास मिळतो. ९४ मिमी अंतर म्हणजे ३० मिमीचा रोलर, १८८ म्हणजे ६०चा, २६४ म्हणजे ८४ मिमीचा ड्रम. तुमच्या मशीनमधल्या ड्रम, डेव्हलपर रोलर (ड्रमवर टोनर चढवणारा), ट्रान्सफर रोलर आणि फ्यूजर रोलरचे व्यास इंजिनिअरकडून लिहून घेऊन झाकणाच्या आत चिकटवून ठेवा. डाग काही शीट सोडून एकदाच आणि दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर संशय ट्रान्सफर बेल्टवर.

पुढची पायरी: चारही रंगांचे प्रत्येकी ५० टक्के टिंट (अर्ध्या गडदपणाची छटा) स्वतंत्र शीटवर, पूर्ण आकारात काढा. दोष एकाच रंगात असेल तर त्या रंगाचं युनिट: ड्रम, चार्ज वायर (ड्रमला विद्युतभार देणारी तार), क्लीनिंग ब्लेड किंवा डेव्हलपर. कागदाच्या धावण्याच्या दिशेने जाणारी एक बारीक फिकी किंवा गडद रेघ असेल तर आधी चार्ज वायर साफ करा. खूपदा तेवढ्यावर भागतं. चारही रंगांत सारखाच दोष असेल तर बेल्ट, दुसरा ट्रान्सफर (बेल्टवरून कागदावर टोनर उतरवणारा टप्पा) किंवा फ्यूजर. जिथे निळ्या आणि किरमिजी रंगाची ड्रम युनिट एकसारखी असतात तिथे त्यांची अदलाबदल करा. दोष ड्रमसोबत गेला तर ड्रम, जागीच राहिला तर आतलं काहीतरी. एवढं करून सर्व्हिसला फोन केला की इंजिनिअर योग्य पार्ट घेऊनच येतो. एरवी पहिली फेरी नुसती बघण्यात जाते.

जाड किंवा खरबरीत कागदावर सॉलिड फाटल्यासारखं दिसत असेल तर दुसऱ्या ट्रान्सफरचं व्होल्टेज त्या कागदासाठी वेगळं ठरवावं लागतं. एकेक पायरी वाढवत शीट काढत जा. कमी असेल तर खळग्यांत टोनर पोचत नाही, जास्त झालं तर सॉलिडमध्ये बारीक पांढरे ठिपके उठतात. दोन्हींच्या मधली पायरी धरायची. मागच्या बाजूला कागद आधीच कोरडा झालेला असतो, म्हणून तिचं मूल्य वेगळं येतं. पुढचंच मूल्य मागेही ठेवणं ही फारच नेहमीची चूक.

घनतेची, म्हणजे रंगाच्या गडदपणाची कुरकुरही सुरुवातीला खूप होते. दिवसभर फक्त २-३ टक्के शाईचं मजकुराचं काम चाललं तर डेव्हलपरमधला तोच टोनर घुसळत राहतो आणि दाणेदार होतो. म्हणून मशीन अधूनमधून टोनर स्वतःच काढून टाकतं. ते वाया जाणं नव्हे, बंद करायला सांगू नका. याउलट ८०-९० टक्के सॉलिडचं काम सलग लावलं तर टोनरचा पुरवठा मागे पडतो आणि शंभरेक शीटनंतर रंग उतरतो. अशी दोन कामं एकाआड एक लावली की दोघांचंही बरं चालतं.

फ्यूजरबद्दल एकच गोष्ट, पण महाग पडणारी. महिनाभर १२ इंच रुंदीच्या शीट चालवल्या की त्यांच्या कडा फ्यूजर बेल्टवर बारीक ओरखडा पाडतात. मग पहिल्यांदा १३ इंची शीटवर काळं सॉलिड लावलं की कडेजवळ दोन चकचकीत रेघा दिसतात, ३०५ मिमी अंतरावर. मशीनमध्ये बेल्ट घासून ताजा करणारा रोलर असेल तर तो चालवा. नसेल तर रुंद आणि अरुंद कामाला वेगळे फ्यूजर ठेवणारे लोक वेडे नाहीत. कागदाचं वजनही खरं तेच सांगा. ३५० जीएसएमला २५० म्हटलं तर टोनर नखाने खरवडून निघतो, पातळ कागदाला जाड म्हटलं तर तो वळतो, आर्ट पेपरवर फोड येतात किंवा शीट फ्यूजरला गुंडाळली जाते.

रंगाचं थोडक्यात: कॅलिब्रेशन (मशीनला ठरलेल्या गडदपणावर परत आणणं) रोज, मशीन अर्धा तास चालल्यावर, प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात याची फाईल) मात्र कागदाच्या प्रकारागणिक एकदाच. दोन्ही एकच समजून रोज प्रोफाइल बनवणारे कधीच स्थिर रंगाला पोचत नाहीत. आरजीबीमधला काळा मजकूर चार रंगांत फुटतो, अक्षराला झालर येते आणि क्लिकही (प्रत्येक छापामागे कंपनी लावते तो आकार) रंगीत धरला जातो. रिपमधली (फाईलचं छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) शुद्ध काळ्याची सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करा.

टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो. त्यामुळे आर्ट कार्ड क्रीझ (घडीसाठी दाबून पाडलेली खाच) न मारता दुमडलं की घडीवर पांढरी रेघ उठणारच, आणि ग्रेन घडीला आडवा असेल तर क्रीझ मारूनही थोडी दिसते. साधी लॅमिनेशन फिल्म सॉलिडवरून सुटते, कारण टोनरमधलं मेण किंवा फ्यूजरचं सिलिकॉन तेल चिकटू देत नाही. डिजिटलसाठीची जास्त चिकटाची फिल्म वापरा.

वॉरंटीत सगळ्यात उपयोगी पडते ती साधी वही: तारीख, काउंटर, ट्रे, कागद, एरर कोड, आणि नमुना शीटच्या मागे पेनने धावण्याच्या दिशेचा बाण. बाण नसलेला नमुना फोनवरच्या माणसाला काहीच सांगत नाही. सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी कागदांची लायब्ररी आणि रिपच्या सेटिंगचा बॅकअप मागून घ्या, आणि अपडेटनंतर पाठपोट पुन्हा तपासा. एक रिकामा वेस्ट टोनरचा डबाही कायम जवळ ठेवा. तो भरला की मशीन चालायलाच नकार देतं, आणि तो भरतो साधारण त्या रात्री, जेव्हा सकाळी डिलिव्हरी असते.