बेडसाइड नर्व्ह स्टिम्युलेटर: अंगठ्याचं कळतं, पेशंटचं नाही

मुठीत मावणारा डबा, दोन वायरी आणि करंटचं बटण. पॅरालिटिकचं (स्नायू लुळे पाडणाऱ्या औषधाचं) इन्फ्यूजन चालू असलेल्या पेशंटजवळ हे यंत्र हवंच. ‘ट्रेन ऑफ फोर’ दाबलं की अर्ध्या सेकंदाच्या अंतराने चार झटके जातात. अंगठा किती वेळा आत वळतो (प्रत्येक वळण म्हणजे एक ट्विच) ते मोजायचं. आयसीयूत साधारण एक-दोन ट्विच पुरेत.

काळी (निगेटिव्ह) वायर मनगटाच्या घडीजवळ, करंगळीच्या बाजूला. लाल तिच्या वर दोन-तीन सेंटीमीटरवर. सेडेशन (गुंगीचं औषध) दिल्यावर, पण पॅरालिटिक सुरू करण्याआधी, करंट 10-10 मिलीअँपिअरने चढवून बेसलाइन घ्या. ही पायरी वगळली की पुढे शून्य ट्विच दिसल्यावर कळत नाही: औषध जास्त झालं, हात सुजलाय, की इलेक्ट्रोडचं जेल वाळलंय?

डोस वाढवूनही चारही ट्विच येत राहिले, तर ‘टॉलरन्स’ (शरीर औषधाला दाद देईनासं होणं) म्हणून मोकळं होऊ नका. आधी लाइन आणि पंप बघा. मग नीट पाहा, अंगठाच हलतोय की नुसती बोटं? इलेक्ट्रोड स्नायूवर बसला तर झटका थेट स्नायूलाच लागतो आणि बोटं फसवतात. लकवा झालेला हात तर वापरूच नका. तिथे ट्विच जोरात येतात आणि डोस नाहक चढतो. खरा टॉलरन्सही असतोच: मोठं भाजणं, अनेक दिवसांची अचलता (दोन्हींत स्नायूवर रिसेप्टर, म्हणजे नसेचा संदेश पकडणाऱ्या जागा, वाढतात), किंवा बरेच दिवस चाललेलं फेनिटॉइन (फिट्सचं औषध). अशा भाजलेल्या किंवा अचल पेशंटला सक्सिनिलकोलिन (हेही एक पॅरालिटिक) मात्र नको, रक्तातलं पोटॅशियम धोकादायक चढतं.

यंत्राची मोठी मर्यादा म्हणजे सेडेशनबद्दल ते मुकं आहे. शून्य ट्विचचा पेशंट पूर्ण जागा असू शकतो. मिडाझोलाम-फेंटानिल (गुंगी आणि वेदनेची औषधं) आठवडाभर चाललं की तोच डोस अपुरा पडायला लागतो, आणि पॅरालाइज्ड पेशंटवर रासचा स्कोअर (हालचाल-प्रतिसाद बघून गुंगी मोजणारी पट्टी) चालत नाही. अचानक वाढलेली नाडी, बीपी, डोळ्यांतलं पाणी यांवर लक्ष हवं. बिस (मेंदूच्या लहरींवरून गुंगी मोजणारा आकडा) 40 ते 60 ठेवतात, पण पॅरालिटिकने स्नायूंचा सिग्नल गेला की तो आकडाही खाली येतो. एकट्या बिसवर डोस कमी करू नका.

स्टिम्युलेटर घ्यायचाच तर ट्विच स्वतः मोजणारा सेन्सरवाला घ्या. श्वासाची ट्यूब काढण्याआधी चौथा ट्विच पहिल्याच्या निदान 0.9 पट हवा, आणि 0.4 च्या वरचा फरक डोळ्यांना किंवा बोटांना नीट कळत नाही. साधा डबा इन्फ्यूजनच्या डोसपुरता ठीक.